मीह

मीह : क्रोएशियातील इस्त्रिया द्वीपकल्प व क्वार्नर आखाताचा परिसर येथील पारंपरिक लोकवाद्य, बॅगपाइपचा एक प्रकार. बल्गेरिया, मॅसिडोनिया इत्यादी प्रदेशांतील गाइदा या वाद्याला आधारस्वर अखंड धरून ठेवणारी स्वतंत्र लांब नळी (सूरनळी) असते. मीहला ती नाही.

वाद्याची पिशवी बहुधा बकऱ्याच्या सबंध कातड्याची असते. कातड्याच्या एका तोंडात फुंकनळी, दुसऱ्यात वादननळी बसवून उरलेली तोंडे घट्ट बांधतात. पिशवी काखेत दाबून वादक हवेचा दाब कायम राखतो, त्यामुळे श्वास घेतानाही नाद तुटत नाही. वादननळी ही खरे तर जोडनळी : एकाच लाकडात शेजारीशेजारी दोन पोकळ्या कोरलेल्या असतात आणि प्रत्येकीला बोरूची एकेरी पाती असते. आपल्याकडील गारुड्याच्या पुंगीची रचना हिच्या जवळची. मात्र पुंगीची एक नळी केवळ सूर धरते. मीहच्या दोन्ही नळ्यांना बोटांची छिद्रे असल्याने दोन स्वरावली एकाच वेळी वाजवता येतात. सूरनळीचा अभाव ही या वाद्याची उणीव समजणे म्हणूनच चुकीचे ठरते.

हे वादन समजते ते तेथील गायनावरून. इस्त्रियात दोघे जण ‘बारीक व जाड’ अशा दोन आवाजांत गातात. आवाजांमधील अंतर बहुधा षड्ज–कोमल गंधाराइतके किंवा त्याच्या उलट, म्हणजे षड्ज–शुद्ध धैवताइतके असते. शेवट एकाच स्वरावर किंवा सप्तकाच्या अंतरावर होतो. या गायन-वादनाची स्वरश्रेणी सहा स्वरांची असून तिच्यातील अंतरे पियानोच्या पट्ट्यांशी नेमकी जुळत नाहीत, त्यामुळे नवख्या कानाला वाद्य बेसूर वाटू शकते. संगीतकार इव्हान मातेतिच रोंयगोव्ह (१८८०–१९६०) यांनी तिचा अभ्यास करून ‘इस्त्रियन श्रेणी’ ही संज्ञा रूढ केली. या श्रेणीतील द्विस्वरी गायन-वादनाचा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २००९ मध्ये समावेश झाला.

बालून या वर्तुळाकार जोडीनृत्याला मीहची साथ असते. सोपेले या जोडीने वाजणाऱ्या, सनईच्या कुळातील वाद्यांचीही असते. डाल्मेशिया, हर्झगोव्हिना व माँटेनेग्रो येथील दिप्ले हे मीहचे सख्खे भावंड. तेथे पिशवी वगळून जोडनळी थेट तोंडाने फुंकण्याचीही पद्धत आहे. एजियन बेटांवरील त्साम्बूना आणि क्रीटमधील आस्कोमांदूरा हीदेखील सूरनळी नसलेलीच वाद्ये होत.