रक्त कुणाचे तपासले? भारतातील एचआयव्हीच्या आकड्यांचा इतिहास

दरवर्षी १ डिसेंबरला वर्तमानपत्रात एक छोटी चौकट येते. जिल्ह्यात यंदा इतके नवे एचआयव्हीबाधित, गेल्या वर्षी इतके, म्हणजे प्रमाण घटले किंवा वाढले. शेजारी लाल फितीचे चित्र आणि कॉलेजच्या मुलांच्या रॅलीचा फोटो. पाच दिवसांवर ६ डिसेंबर आलेला असतो, आपली दादरला जाण्याची तयारी चाललेली असते, आणि पान उलटले जाते. माझे म्हणणे आहे की ती चौकट आपण थांबून वाचली पाहिजे. जातीच्या समाजात आकडा कसा तयार होतो, हे तिच्यात फार स्वच्छ दिसते.

आधी एक साधा फरक. 'नवा संसर्ग' वेगळा आणि 'नवे निदान' वेगळे. विषाणू शरीरात शिरल्यावर माणूस आठ-दहा वर्षे धडधाकट दिसू शकतो. त्यामुळे एखाद्या वर्षी किती जणांना लागण झाली याचा फक्त अंदाज बांधता येतो. किती जणांचे निदान झाले हे मात्र मोजता येते, कारण प्रत्येकाच्या दंडातून कुणीतरी रक्त काढलेले असते. कुणाचे काढले, कुठे काढले आणि कुणाचे काढलेच नाही, यावर ती मोजणी ठरते. गेल्या चाळीस वर्षांत 'एड्स कुणाला होतो' याबद्दल या देशाने जे मत बनवले, ते बरेचसे या रक्त काढण्याच्या क्रमातून बनलेले आहे.

क्रमाची सुरुवात १९८६ मध्ये मद्रासला झाली. डॉ. सुनीती सोलोमन या मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी गायतोंडे घराण्यातल्या. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने आपल्या प्रबंधासाठी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये तपासणी झाली आणि सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. शास्त्र म्हणून हे काम मोठेच. 'आपल्या देशात हा रोग येणार नाही' असे छाती फुगवून सांगणाऱ्यांचे तोंड त्यातून बंद झाले. पण ते नमुने कुठून आले? पोलिसांनी पकडून सरकारी गृहात ठेवलेल्या बायकांकडून. आपली कसली तपासणी चालली आहे हे त्यांना सांगितले गेले नव्हते, असे निर्मला यांनीच पुढे सांगितले. नंतरच्या काळात तामिळनाडूत पॉझिटिव्ह निघालेल्या बायकांना मुदत संपली तरी सोडले जाईना. श्यामला नटराज या पत्रकार महिलेने मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा त्यांची सुटका झाली.

देशातला पहिला आकडा अशा प्रकारे कुलपाआडून आला. जिथे नकार देण्याची सोय नाही तिथे तपासणी सोपी असते. त्या वेळी एखाद्या उच्चभ्रू वस्तीतल्या दवाखान्यात शंभर पुरुषांचे रक्त घेतले असते तर काय निघाले असते, हा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि आता त्याचे उत्तर मिळण्याची सोयही उरलेली नाही.

सरकारची पहिली प्रतिक्रिया होती ती 'हा परकीयांचा रोग' अशी. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांची सक्तीने तपासणी झाली. १९८८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तत्कालीन महासंचालकांनी भारतीयांच्या परदेशी व्यक्तींशी शरीरसंबंधांवर कायद्यानेच बंदी घालावी अशी सूचना केली होती. आज ती वाचून हसू येते. पण विटाळाची कल्पना एवढ्या वरच्या पदावर, एवढ्या शिकलेल्या डोक्यात किती सहज बसलेली असते हे त्यातून कळते. रोग विषाणूने होतो हे ठाऊक असलेला माणूस रोग परक्याच्या स्पर्शाने होतो असे बोलत होता.

गोव्यात त्या कल्पनेने कायद्याचे रूप घेतले. तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती होऊन बाधित माणसाला अलग डांबून ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. डॉमिनिक डिसूझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीत तो पॉझिटिव्ह निघाला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस त्याला घेऊन गेले आणि म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटे ठेवले. आई लुसी डिसूझा न्यायालयात गेल्या. मुलगा सुटला, पण मुंबई उच्च न्यायालयाने अलगीकरणाची ती तरतूद मात्र वैध ठरवली. एका माणसाच्या हक्कापेक्षा समाजाचे हित मोठे, असा तो युक्तिवाद होता. आपल्या लोकांना हा युक्तिवाद नवा नाही. गावाच्या 'हितासाठी' वस्ती गावाबाहेर असतेच. डॉमिनिक १९९२ मध्ये वारला. त्याआधी त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली होती.

मुंबईत रक्त काढणाऱ्यांचा मोर्चा कामाठीपुऱ्याकडे वळणार हे ठरलेलेच होते. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. त्या गल्ल्यांत कोण राहते, कुठून येते, काय खाते हे मराठी वाचकाला तेव्हापासून माहीत होते. शासन तिथे आस्थेने गेले ते विषाणू आल्यावर, आणि गेले तेही सुया घेऊन. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांवर छापे पडले. चारशेहून अधिक मुली-बायकांना सरकारी गृहांत आणले गेले. त्यात नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. सगळ्यांची एचआयव्ही तपासणी झाली. सुटका आणि कैद यांतला फरक त्या गृहांत फारसा उरला नव्हता, काही मुली तिथेच वारल्या. नेपाळ सरकारनेही हात आखडता घेतला, शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी आपल्या मुली परत नेल्या.

या बायका कोण होत्या, हा प्रश्न आरोग्य खात्याच्या तक्त्यात नसतो. तिथे रकाना असतो 'अतिजोखमीचा गट'. या शब्दाशी माझे भांडण आहे. जोखीम जणू त्या बाईच्या अंगात जन्मतः असावी असा तो शब्द आहे. सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडचा बेळगाव, विजापूर हा पट्टा पाहा. यल्लम्माला सोडलेल्या मुली बहुतेक दलित जातींतल्या. मुंबई प्रांतात देवदासी प्रतिबंधाचा कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा, आणि तरीही याच पट्ट्यातून पुण्या-मुंबईच्या पेठांत मुली पोहोचत राहिल्या. म्हणजे कुणी जोखमीत राहायचे हे विषाणू यायच्या कितीतरी आधी ठरले होते. विषाणू त्या तयार वाटेने चालत आला.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी आणि कामाठीपुऱ्यातल्या आपल्या समाजातील स्त्रियांसमोर भाषण केले, ते जगणे सोडा असे कठोरपणे सांगितले. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतल्या बायका आज वेगळी भूमिका मांडतात. आमच्या धंद्याला काम म्हणा, आम्हाला 'वाचवायला' येऊ नका, असे त्या म्हणतात. या दोन भूमिकांमधला ताण मला खरा वाटतो आणि तो घाईने मिटवावा असे वाटत नाही. बाबासाहेब बोलत होते ते जातीने लादलेल्या जगण्याबद्दल, समोर बसवून, माणूस म्हणून. तक्त्यातला 'अतिजोखमीचा गट' माणसाशी बोलतच नाही. आणि कंडोमचा वापर वाढला तो पोलिसांच्या छाप्यांनी वाढला नाही. या बायकांनीच एकमेकींना शिकवले म्हणून वाढला, हेही नोंदवले पाहिजे.

आता देशाच्या मोठ्या आकड्याकडे येऊ. सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता परिषदेने भाकीत केले की २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी लोक बाधित असतील. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने भारताचा आकडा ५७ लाख सांगितला आणि आपण दक्षिण आफ्रिकेला मागे टाकल्याच्या बातम्या झळकल्या. जुलै २००७ मध्ये तोच आकडा एकदम सुमारे २५ लाखांवर आला. निम्म्याहून अधिक माणसे कुठे गेली? कुठेच नाही. ती कधी नव्हतीच.

मोजण्याची रीत अशी होती: सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांचे नमुने घ्यायचे आणि त्यावरून सगळ्या लोकसंख्येचे गणित मांडायचे. पण सरकारी रुग्णालयात कोण जाते? ज्याला खासगी परवडत नाही तो. शिवाय खासगी डॉक्टर संशय येताच पेशंट आपल्या दारातून सरकारी दवाखान्यात पाठवून देत. आंध्रच्या गुंटूर जिल्ह्यात ललित दंडोना आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन रक्त तपासले, तेव्हा सरकारी पद्धतीचा अंदाज सुमारे अडीच पट फुगलेला निघाला, आणि कारणे हीच निघाली. पुढे तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि देशाचाही आकडा खाली आला. गरिबाच्या रक्तावरून देशाचे चित्र काढले गेले आणि ते चुकले. या चुकीचा हिशेब संख्याशास्त्राच्या वर्गात शिकवतात, समाजशास्त्राच्या वर्गातही तो शिकवायला हवा.

दरम्यान माणसे मरत होतीच. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत दहा हजार डॉलरच्या वर होती. औषध मुंबईचे, पण आपल्या सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू व्हायला १ एप्रिल २००४ उजाडले. मधल्या तीन वर्षांत ज्यांनी शेत विकले, मंगळसूत्र विकले, त्यांची घरे आजही आमच्या भागात दाखवता येतात.

त्यानंतरची घट मात्र खरी आहे, ती मान्य केलीच पाहिजे. नाकोच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५.४ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. वर्षातले नवे संसर्ग सुमारे ६८ हजार, म्हणजे २०१० पेक्षा ४४ टक्के कमी. मृत्यू तर ७९ टक्क्यांनी घटले. संख्येने सर्वाधिक बाधित महाराष्ट्रात, प्रमाणाने मिझोराममध्ये, जिथे प्रौढांतले प्रमाण २.७ टक्क्यांच्या आसपास आहे आणि सुईने नशा करणे हे मोठे कारण आहे.

पण निदानाचा आकडा घटला म्हणून लगेच टाळ्या वाजवू नयेत. माहिती अधिकारात मिळालेल्या माहितीनुसार असुरक्षित शरीरसंबंधातून बाधा झाल्याचे सांगणारे नवे रुग्ण २०११-१२ मध्ये २.४ लाख होते आणि २०२०-२१ मध्ये ८५,२६८. ही उतरण मुळातच चालू होती. तरी शेवटचे वर्ष कोणते होते ते आठवा. लॉकडाऊनमध्ये तपासणी केंद्रांवर माणूसच पोहोचत नव्हता. जो तपासला गेला नाही तो आकड्यात आला नाही.

उलटेही घडते. २०२४ मध्ये त्रिपुरात ८२८ विद्यार्थी बाधित झाल्याची बातमी देशभर पसरली, जणू एका वर्षात घडावे तशी. तो आकडा २००७ पासूनच्या सतरा वर्षांच्या नोंदींचा होता, असा खुलासा तिथल्या राज्य एड्स नियंत्रण सोसायटीला करावा लागला. आणि २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात चाळीसहून अधिक नवे रुग्ण एकदम सापडले, तेव्हा बोट दाखवले गेले ते एकच सुई अनेकांना टोचणाऱ्या झोलाछाप डॉक्टरकडे. दहा-वीस रुपयांत इंजेक्शन देणारा हाच जिथे एकमेव डॉक्टर असतो, त्या वस्तीचे नाव एरवी बातमीत येत नाही.

माझ्या कामात सर्वाधिक भेटते ती घरातली बाई. बाधितांमध्ये सुमारे ४४-४५ टक्के स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला असतो. गरोदरपणात तपासणी होते म्हणून तिचे निदान आधी होते, नवऱ्याचे नंतर. या क्रमाचा अर्थ घरात असा लावला जातो की 'सुनेने आणला'. नवरा वारला की ती माहेरी, जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव नाही आणि पोराला अंगणवाडीत वेगळे बसवलेले. एका तालुक्याच्या रुग्णालयात केसपेपरच्या कोपऱ्यावर लाल पेनाने खूण केलेली मी स्वतः पाहिली आहे. विचारले तर उत्तर आले, 'स्टाफच्या सोयीसाठी.'

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, गुप्तता पाळायची, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव नाही आणि तक्रारीसाठी प्रत्येक राज्यात लोकपाल, असे तो सांगतो. पण उपचार देण्याच्या कलमात 'शक्य तितके' हे शब्द आहेत. संघटनांनी ते काढायची मागणी केली होती, ते राहिले. २०२२ च्या जुलैमध्ये गोळ्यांचा तुटवडा झाला आणि बाधित लोक दिल्लीत नाकोच्या कार्यालयासमोर महिन्याहून अधिक काळ धरणे धरून बसले, तेव्हा त्या शब्दांचा अर्थ सगळ्यांना कळला.

सरकारी हिशेबाप्रमाणे २०२३ मध्ये देशातल्या बाधितांपैकी ८१ टक्के लोकांना आपली स्थिती माहीत होती. उरलेले १९ टक्के म्हणजे पावणेपाच लाखांच्या वर माणसे. ती तपासणीला आली तर पुढच्या १ डिसेंबरच्या चौकटीत आकडा उसळी मारेल आणि मथळा 'जिल्ह्यात एड्स वाढला' असा असेल. त्या दिवशी आयसीटीसीच्या ताईंना फोन करून विचारा, यंदा एकूण तपासण्या किती झाल्या आणि त्यातल्या किती खासगी दवाखान्यांतल्या.