कार्यालयीन संवाद आणि दप्तर : अंतर्गत संज्ञापनातील समाजमाध्यमांचा इतिहास

प्रस्तावना

कोणत्याही कार्यालयात दोन प्रकारचे बोलणे चालते. एक कागदावर उतरते, त्यावर शेरा पडतो, त्यास जावक क्रमांक मिळतो आणि ते दप्तरी दाखल होते. दुसरे चहाच्या वेळी, जिन्यावर अथवा दूरध्वनीवर होते आणि तेथेच विरते. पुराव्याचा मान पहिल्यास आहे. परंतु अनेक निर्णय दुसऱ्यात घडतात आणि पहिल्यात केवळ नोंदले जातात, हे कार्यालयीन व्यवहाराशी परिचित असलेल्यांस सांगावयास नको. संगणकीय जाळ्यांवर उभ्या राहिलेल्या समाजमाध्यमांनी या दोहोंमधील सीमारेषा पुसट केली. त्यांवरील संवाद बोलण्याइतका सैल असतो, परंतु लिहिलेला असतो आणि कोठेतरी साठवलेलाही असतो.

या माध्यमांमुळे कार्यालयातील उतरंड सपाट होईल, कनिष्ठास वरिष्ठाशी थेट बोलता येईल, हा दावा गेली पन्नास वर्षे प्रत्येक नव्या साधनाबरोबर नव्याने केला गेला आहे. त्या दाव्याची चर्चा पुष्कळ झाली. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेला प्रश्न असा की, हा संवाद बोलणे मानावयाचा की दप्तर, आणि ते कोण ठरविते? प्रस्तुत लेखात १९७१ पासूनच्या काही प्रकरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मेमोचा वारसा

कार्यालयांतर्गत लेखी संवादाचा आधुनिक इतिहास रेल्वेपासून सुरू होतो. ५ ऑक्टोबर १८४१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्टर्न रेलरोडच्या दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. त्यानंतर त्या कंपनीने कोणी कोणास काय कळवावयाचे याचे लेखी नियम घालून दिले. जोअॅन येट्स यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रेल्वे व कारखाने यांतून ‘मेमो’ हा लेखनप्रकार कसा घडत गेला, हे सविस्तर दाखविले आहे. मेमोतून पत्राचा मायना गळाला, समाप्तीची नम्रता गळाली. उरले ते ‘कोणाकडून’, ‘कोणास’, ‘विषय’ आणि ‘दिनांक’. पुढे १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात उभ्या नस्त्यांची कपाटे मांडली गेली आणि या चार ओळींना कायमचे घर मिळाले. आजच्या ई-मेलच्या माथ्यावर त्याच चार ओळी आहेत. म्हणजे अंतर्गत लेखी संवाद हा जन्मतःच दप्तरासाठी होता. सैलपणा त्यात नंतर आला.

‘पार्टी लाइन’

१५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी वेतन व किमती ९० दिवसांसाठी गोठविल्या. या निर्णयाच्या अंमलबजावणीत साह्य करण्याचे काम ‘ऑफिस ऑफ इमर्जन्सी प्रिपेअर्डनेस’ या खात्याकडे आले. देशभरातील विभागीय कचेऱ्यांकडे शंकांचा पूर आला आणि एका कचेरीने दिलेले उत्तर दुसरीस ठाऊक नसे. त्या वेळी या खात्यात असलेल्या मरे टुरॉफ यांनी ‘एमिसारी’ नावाची प्रणाली तयार केली. दूरध्वनीच्या तारेने जोडलेल्या टंकयंत्रांवरून विभागीय अधिकारी एकाच संगणकात लिहू व वाचू शकत. तिच्यातील ‘पार्टी लाइन’ या सोयीत अनेकांना एकाच वेळी लेखी गप्पा मारता येत. दूरध्वनीवरील सामूहिक बैठकीस तो पर्याय होता. कार्यालयीन कामासाठी वापरलेल्या गटसंवादाच्या आरंभीच्या उदाहरणांत याची गणना होते. तो कोणा हौशी तरुणांच्या खोलीत जन्मला नाही. भाववाढीने त्रस्त झालेल्या शासनाच्या कचेरीत जन्मला, ही गोष्ट समाजमाध्यमांच्या प्रचलित इतिहासकथनात सहसा येत नाही.

लिहिलेले वाचले जाते, ही जाणीव

१९७० च्या दशकाच्या अखेरीस एका मोठ्या अमेरिकी औषध कंपनीत संगणकीय चर्चामंडळाची सोय सुरू झाली. शोशाना झुबॉफ यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात कंपनीचे नाव बदलून या प्रयोगाची हकिकत नोंदविली आहे आणि या विषयावरील ती सर्वांत बोलकी हकिकत म्हणावी लागेल. दूरदूरच्या कचेऱ्यांतील, एरवी एकमेकांचे तोंडही न पाहिलेले कर्मचारी तेथे कामाविषयी प्रश्न विचारू लागले, अनुभव सांगू लागले. ‘कॉफीच्या सुट्टी’सारखे निव्वळ गप्पांचे मंडळ निघाले. व्यावसायिक स्त्री-कर्मचाऱ्यांनी आपले स्वतंत्र मंडळ काढले आणि त्यात कामाच्या जागी येणाऱ्या अडचणींची चर्चा सुरू झाली.

येथेच घोडे अडले. स्त्रियांचे मंडळ व गप्पांचे मंडळ वरिष्ठांच्या डोळ्यांत आले. तेथील लेखन छापील रूपात त्यांच्या हाती पडू लागले. कर्मचाऱ्यांनी जे जिन्यावरील बोलणे म्हणून लिहिले होते, ते वरिष्ठांनी दप्तर म्हणून वाचले. कोणावर फार मोठी कारवाई करण्याची गरजही पडली नाही. आपले लिहिणे वाचले जात आहे, एवढी जाणीव पुरेशी ठरली. सहभाग ओसरला, भाषा औपचारिक झाली आणि एके काळचे गजबजलेले मंडळ सूचनाफलक बनले. जिन्यावर बोलणाऱ्या दोघांना तिसरा ऐकत असेल तर दिसतो. चर्चामंडळावर तो दिसत नाही आणि महिन्यांनंतरही ऐकू शकतो. उतरंड मोडेल या आशेने आलेल्या साधनाने वरिष्ठास पूर्वी कधी नव्हते इतके दूरवर ऐकण्याचे सामर्थ्य दिले, असा या प्रकरणाचा अर्थ लावता येतो.

काही वर्षांनी वेगळ्या दिशेने असाच अनुभव आला. १९८९ मध्ये बाजारात आलेल्या ‘लोटस नोट्स’ या सामूहिक कामाच्या प्रणालीचा एका मोठ्या सल्लागार संस्थेतील वापर वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी अभ्यासला आणि १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले. संस्थेने सर्वांनी ज्ञान वाटून घ्यावे म्हणून ही प्रणाली घेतली होती. तांत्रिक कर्मचाऱ्यांनी ती उत्साहाने वापरली. तरुण सल्लागारांनी मात्र हात आखडता घेतला. त्यांची बढती वैयक्तिक कामगिरीवर होती. बढती न मिळणाऱ्यास संस्था सोडावी लागे. अशा ठिकाणी स्वतःजवळचे ज्ञान सर्वांसाठी लिहून ठेवणे म्हणजे प्रतिस्पर्ध्यास शिदोरी बांधून देणे. शिवाय प्रत्येक तासाचा खर्च कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या नावे टाकावयाचा असे आणि नवी प्रणाली शिकण्याचा तास कोणाच्याच नावे टाकता येत नसे. भागीदारपदावर पोहोचलेल्यांना अशी भीती नव्हती. ते ती अधिक मोकळेपणाने वापरू शकत. यंत्र सर्वांसाठी एकच होते. त्यावर कोणी बोलावे आणि कोणी गप्प राहावे, हे बढतीच्या नियमांनी आधीच ठरविले होते.

प्रॉफ्स प्रकरण

‘बोलणे की दप्तर’ हा प्रश्न न्यायालयात स्पष्टपणे उभा राहिला तो मात्र अमेरिकेच्या अध्यक्षीय कार्यालयामुळे. १९८० च्या दशकाच्या मध्यास तेथील राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत आयबीएम कंपनीची ‘प्रॉफ्स’ ही अंतर्गत संदेशप्रणाली सर्रास वापरात आली. परिषदेतील अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ व त्यांचे वरिष्ठ जॉन पॉइंडेक्स्टर यांनी तीवर आपसांत थेट मार्ग आखून घेतला. १९८५ मध्ये पॉइंडेक्स्टर यांनी नॉर्थ यांना पाठविलेल्या एका संदेशाचे शीर्षकच ‘खासगी कोरा धनादेश’ अशा अर्थाचे होते आणि त्याच्या आधारे नॉर्थ यांचे संदेश मधल्या अधिकाऱ्यांना वगळून थेट पोहोचत. नेहमीच्या नस्तीस जावे लागणारे मधले टप्पे येथे टळले.

इराणला शस्त्रविक्री व त्या पैशातून निकाराग्वातील बंडखोरांना मदत हे प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्ये उघडकीस आले, तेव्हा दोघांनी हजारो संदेश पुसून टाकले. पुसणे म्हणजे नाहीसे करणे, अशी त्यांची समजूत होती. परंतु संगणकाच्या सुरक्षित प्रतींच्या फितींवर ते शिल्लक राहिले आणि फेब्रुवारी १९८७ मधील टॉवर आयोगाच्या अहवालात छापले गेले.

खरा वाद त्यानंतरचा आहे. जानेवारी १९८९ मध्ये रोनाल्ड रेगन यांची कारकीर्द संपताना या फिती पुसल्या जाणार होत्या. पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग व ‘नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह’ ही बिगरसरकारी संस्था न्यायालयात गेली. हे संदेश दूरध्वनीवरील निरोपाच्या चिठ्ठ्यांसारखे आहेत, त्यांतील महत्त्वाचे तेवढे कर्मचारी कागदावर छापून दप्तरात ठेवतात, अशा आशयाची शासनाची भूमिका होती. ऑगस्ट १९९३ मध्ये अपील न्यायालयाने ती अमान्य केली. न्यायालयाचा मुद्दा अभिलेखशास्त्राच्या दृष्टीने मर्मग्राही आहे : कागदी प्रतीत मजकूर येतो, परंतु तो कोणी, कोणाकोणास, केव्हा पाठविला व कोणास केव्हा मिळाला ही माहिती येईलच असे नाही. संगणकातील संदेश हा म्हणून छापील प्रतीचा जोडकागद ठरत नाही. तोच अभिलेख आहे. इतिहासाच्या अभ्यासकास यात नवे वाटू नये. पत्राच्या मजकुराइतकेच ते कोणाच्या हातून गेले यास महत्त्व असते.

मोकळीक आणि शोधता येणारी नोंद

नंतरचा काळ अधिक परिचित आहे. आयबीएमने जुलै २००३ मध्ये ‘व्हॅल्यूजजॅम’ या नावाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ७२ तासांची खुली चर्चा घडविली. पहिल्या काही तासांतच कंपनीवर अशी टीका झाली की, चर्चा बंद करावी असे एका वरिष्ठास वाटले. मुख्य कार्यकारी अधिकारी सॅम्युअल पामिसानो यांनी ती चालू ठेवली. चर्चेस मुदत होती, विषय ठरलेला होता आणि हे सारे वाचले जाणार आहे हे प्रत्येकास आधीच ठाऊक होते. औषध कंपनीतील मंडळापेक्षा येथे वेगळे काय होते, याचे उत्तर बहुधा या तिसऱ्या गोष्टीत आहे.

अँड्र्यू मॅकॅफी यांनी २००६ मध्ये ‘एंटरप्राइझ २.०’ ही संज्ञा रूढ केली. २००८ मध्ये ‘यॅमर’ आले व २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते घेतले. फेसबुकने २०१६ मध्ये ‘वर्कप्लेस’ सुरू केले. मे २०२४ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली. ‘स्लॅक’चा उगम मात्र थांबून पाहण्याजोगा आहे. ‘ग्लिच’ नावाचा एक खेळ तयार करणाऱ्या चमूने आपसांतील संवादासाठी साधन बनविले होते. खेळ २०१२ मध्ये बंद पडला, साधन उरले आणि २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. इंग्रजीत सैल वा ढिले अशा अर्थाचे हे नाव ‘सर्व संभाषण व ज्ञान यांची शोधता येणारी नोंद’ या शब्दांच्या आद्याक्षरांपासून जुळविलेले आहे. बोलणे व दप्तर यांचा संगम इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणत्या नावात क्वचितच आढळेल.

खासगी भ्रमणध्वनीवरील कार्यालय

वर उल्लेखिलेल्या सर्व प्रकरणांत एक गोष्ट समान होती. यंत्रणा संस्थेने घेतलेली होती आणि संवादाची नोंद, बरी वा वाईट, संस्थेच्या आवाक्यात होती. व्हॉट्सॲपने ही स्थिती पालटली. २००९ मध्ये स्थापन झालेले हे साधन व्यक्तीच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीवर असते. एप्रिल २०१६ पासून त्यावरील संदेश पाठविणारा व घेणारा यांखेरीज कोणास वाचता येत नाहीत आणि नोव्हेंबर २०२० पासून ते ठरावीक काळाने आपोआप नाहीसे होण्याची सोयही त्यात आली. नॉर्थ यांना जे साधले नाही, ते आता एका कळीने साधते.

परिणाम दिसू लागले आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने वॉल स्ट्रीटवरील अनेक वित्तसंस्थांना मिळून १.१ अब्ज डॉलरहून अधिक दंड केला. कामकाजाविषयीचे संदेश कर्मचाऱ्यांनी खासगी साधनांवरून पाठविले आणि संस्थांनी ते जतन केले नाहीत, हे त्याचे कारण. ब्रिटनमध्ये कोविड चौकशी आयोगाने माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे व्हॉट्सॲप संदेश मागितले, तेव्हा मंत्रिमंडळ कार्यालयाने त्यास न्यायालयात आव्हान दिले. जुलै २०२३ मध्ये ते फेटाळले गेले.

भारतातील कायदा याबाबत कागदावर मागे नाही. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकाद्वारे निर्माण झालेले साहित्य अभिलेखांत गणले आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेल नावानिशी आहे. परंतु त्याच अधिनियमानुसार नागरिकास मिळणारा अधिकार सार्वजनिक प्राधिकरणाजवळ वा त्याच्या नियंत्रणाखाली असलेल्या माहितीपुरता आहे. अधिकाऱ्याने स्वतः विकत घेतलेल्या भ्रमणध्वनीवरील गट नियंत्रणाखाली आहे काय? कायद्यातील सारी अडचण या एका शब्दात साठली आहे.

महाराष्ट्रातील अभ्यासकांस हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. पेशवे दप्तरातील कागद लिहिताना कोणा कारकुनाने वा सरदाराने ते छापले जातील असे मनात आणले नव्हते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडलेले ४५ खंड संपादित केले आणि मराठेशाहीच्या अखेरच्या शतकाचा इतिहास बऱ्याच अंशी त्या आपसांतील कागदांवर उभा राहिला. ते कागद टिकण्यास इतिहासप्रेम फारसे कारण झाले नाही. इंग्रजांना इनामांची व जमीन-महसुलाची चौकशी करावयाची होती, म्हणून रुमाल जपले गेले. जतन होण्यास कोणाची तरी व्यावहारिक गरज लागते.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम-वापराविषयी निर्णय काढला. त्यात कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम यांसारख्या साधनांच्या वापरास मुभा आहे. शासकीय कचेऱ्यांप्रमाणे महाविद्यालयांतही परीक्षा, प्रवेश व विविध समित्यांचे रोजचे काम आता अशा गटांवरच चालते. पदाधिकारी बदलला की तो गटातून बाहेर पडतो. पदभार सोपविताना होणाऱ्या यादीत नस्त्या, शिक्के, कपाटांच्या किल्ल्या यांची नोंद सहसा काटेकोरपणे होते. गटावर झालेल्या बोलण्याची ओळ त्या यादीत अद्याप नाही.