चढणीच्या माशांवर हक्क कोणाचा?

मृगाचा पहिला जोराचा पाऊस होऊन ओढ्यांना गढूळ पाणी आले, की सह्याद्रीलगतच्या गावांत जाळी आणि बांबूचे सापळे बाहेर निघतात. नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध पोहत ओढ्यांत आणि तेथून भातखाचरांपर्यंत येतात. हेच चढणीचे मासे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, प्रवरा व मुळा यांच्या उगमाकडील भागात, महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या पावसाळी आहारात अशा माशांना मोलाचे स्थान आहे.

मासे चढतात ते अंडी घालण्यासाठी. उथळ, संथ पाण्यात पिलांना खाद्य मिळते आणि मोठ्या माशांपासून संरक्षणही. म्हणजे मासा सर्वांत सहज हाती लागतो तेव्हाच तो गाभोळीने भरलेला असतो. अशा माशावर हक्क कोणाचा, आणि किती?

हा प्रश्न केवळ गावापुरता नाही. १९२६ साली प्रवरेवर भंडारदऱ्याचे सुमारे ८२ मीटर उंचीचे धरण पूर्ण झाले. खालच्या भागात कालव्यांनी ऊस पिकला. पण अशी भिंत कोणताही मासा चढू शकत नाही. राज्यातील जलाशयांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडण्याची आणि मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना देण्याची पद्धत रुळली. शेतकरी, संस्था आणि काठावरचा आदिवासी असे एकाच पाण्याचे अनेक वाटेकरी झाले. पाण्याच्या वाटपावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले. माशांच्या वाटपाचा विचार मात्र फारसा झाला नाही.

हा विचार अमेरिकेच्या वायव्य भागात न्यायालयात झाला, म्हणून तो इतिहास पाहण्यासारखा आहे. तेथील सामन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदी चढतो. १८५४-५५ मध्ये तेथील आदिवासी जमातींनी करार करून बहुतेक जमीन सरकारला दिली. परंतु नेहमीच्या जागी, इतर नागरिकांसमवेत, मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे समुद्रातच व्यापारी जाळी सामन पकडू लागली. उरलेला मासा नदीत शिरला, की त्याच्या रक्षणाचे कारण देऊन वॉशिंग्टन राज्य आदिवासींना अटक करी. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक यांना पहिली अटक १९४५ साली, चौदाव्या वर्षी झाली. पुढे पन्नासहून अधिक वेळा झाली.

१२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला: ‘समवेत’ याचा अर्थ समान वाटा, म्हणजे धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंत मासे करारातील जमातींचे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय मुख्यतः कायम ठेवला.

यातील ‘धरता येण्याजोगे’ हे शब्द आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. समजा, एका नदीत एक लाख मासे परतले आणि पुढची पिढी टिकण्यासाठी चाळीस हजार वर जाणे आवश्यक आहे. मग वाटायचे ते साठ हजार. प्रत्येक पक्षाला तीस हजार. पहिला वाटा माशाचा, नंतर माणसांचा. त्यासाठी दरवर्षी मोजणी लागते. निकालानंतर राज्य आणि जमाती यांना ही मोजणी व नियोजन एकत्र बसून करावे लागले. रस्त्यांखालच्या ज्या मोऱ्यांमुळे सामनची वाट अडते, त्या बदलण्याचा आदेशही पुढे झाला आणि २०१८ मध्ये तो कायम राहिला. मासाच पोहोचला नाही तर हक्काचा उपयोग काय, हा त्यामागील मुद्दा.

आपल्याकडे कायद्याचा आधार नाही असे नव्हे. १८९७ च्या मत्स्य कायद्याने सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारण्यास बंदी घातली. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे सोपवण्याची तरतूद केली; अकोले तालुक्याचा काही भाग या क्षेत्रात येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात मासे व पाणवठ्यांतील इतर उत्पन्नावरील सामूहिक हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र कायदा हक्क देतो, मासे देत नाही. किती मासे चढले आणि किती चढू द्यायचे, हे ग्रामसभेला ठाऊक नसेल, तर हक्क असूनही ओढा रिकामा होऊ शकतो.

येथे शाळा मदत करू शकते. जूनमध्ये चढण कोणत्या तारखेला सुरू झाली, कोणत्या ओढ्यात, कोणत्या जातीचे मासे आले, त्यांची स्थानिक नावे काय, कोणता बंधारा किंवा मोरी त्यांची वाट अडवते, याची वही विद्यार्थ्यांनी घालावी. पूर्वी कोणते मासे येत, हे आजी-आजोबांना विचारून लिहावे. वाहत्या ओढ्यात मुलांनी उतरू नये. धरून आणलेले मासे पाहूनही बरीच नोंद होते. पाच-दहा वर्षांची अशी वही ग्रामसभेपुढे ठेवली, तर काही दिवस किंवा एखादा ओढा मासेमारीसाठी बंद ठेवावा का, हे गावाला स्वतःच्या माहितीवरून ठरवता येईल.