वर्षभराचा नाताळ

वैशाखाच्या उन्हात नाताळाविषयी बोलणे आपणांस चमत्कारिक वाटेल. पण नाताळाच्या दयाधर्माची परीक्षा पंचवीस डिसेंबरला होत नाही, ती उन्हाळ्यात होते, असे माझे मत आहे, म्हणून हीच वेळ मला बरी वाटली. शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्याचा मूळ अर्थ जन्मासंबंधीचा, एवढाच. जन्म एका दिवशी होतो; पोसावे मात्र रोज लागते.

१८४३ च्या डिसेंबरात चार्ल्स डिकन्सने नाताळावर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातला कंजूष स्क्रूज पालटतो आणि सणाच्या दिवशी आपल्या गरीब कारकुनाच्या घरी भला थोरला टर्की पक्षी धाडतो. वाचक तेथे डोळे पुसतात. मला मोलाचे वाटते ते दुसऱ्या दिवशीचे काम. त्या दिवशी तो कारकुनाचा पगार वाढवतो. दिवाळीला मिठाईचा पुडा हाती देणारे मालक मी कामगार चळवळीत पुष्कळ पाहिले. पण जखमी मजुराच्या भरपाईचा अर्ज घेऊन माघात त्यांच्याकडे गेले, की साहेब बाहेरगावी असतात.

गोष्टीतले सोडा. आपल्या महाराष्ट्रात हे काम एका बाईने करून दाखविले आहे, आणि त्या कामाचा एक मोठा अध्याय आपल्याच मुलखात सुरू झाला. पंडिता रमाबाई म्हटले की आपल्याला त्यांचे संस्कृत पांडित्य आठवते, आणि १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी घेतलेला बाप्तिस्मा आठवतो. त्या दोहोंवर वाद पुष्कळ झाले. त्यांचा जमाखर्च कोणी फारसा वाचला नाही.

१८८७ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरी त्यांच्या विधवाशाळेसाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. दहा वर्षे म्हणजे पुष्कळ, असे कोणालाही वाटावे. रमाबाई मात्र मुदत संपल्यावर काय, याचा विचार आधीपासून करीत होत्या. म्हणून त्यांनी पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, फळबाग लावली. देणाऱ्याचे मन उद्या बदलले तरी पोरींच्या ताटात भाकरी पडावी, ही त्यातली योजना. संपाआधी निधी जमविणाऱ्या माणसाला ही बुद्धी लगेच ओळखू येते.

मग १८९६ चा दुष्काळ आला. नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांताला त्याची झळ फार लागली. रमाबाई स्वतः येथे आल्या. दुष्काळ त्यांना नवा नव्हता. १८७४ च्या सुमारास अन्नाविना त्यांचे आईवडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले होते. सरकारी मदतकार्याच्या जागी आणि गरीबखान्यांत निराधार मुली व तरुण विधवा वाईट लोकांच्या तावडीत सापडत आहेत, हे त्यांनी पाहिले आणि लिहून प्रसिद्ध केले. सुमारे तीनशे जणींना त्यांनी आपल्याकडे नेले. पुण्यात प्लेगामुळे इतक्यांना ठेवण्यास मनाई झाली, तेव्हा केडगावच्या शेतात तंबू आणि गवती झोपड्या उभ्या राहिल्या. फळबागेसाठी घेतलेली जमीन अशी उपयोगी पडली. तेथे १८९८ मध्ये मुक्तिसदनाच्या इमारतीची पायाभरणी झाली. पुढच्या, १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार तोंडे! सणाला आलेल्या देणगीने ती भरत नाहीत. म्हणून केडगावला शेती होती, दुभती जनावरे होती, तेलाचा घाणा, शिवणकाम, छापखाना होता, आणि हातमागही होते. आमच्या उमरेडच्या कोष्ट्यांना सांगायला नको, की माग हाती आलेली बाई दुसऱ्याच्या दारात उभी राहत नाही. अंध मुली ब्रेल लिपी शिकल्या. ज्यांना समाजाने पतित म्हणून टाकले, त्यांच्यासाठी कृपासदन निघाले. दया म्हणजे नुसते अन्न घालणे, असे रमाबाईंनी मानलेच नाही.

आणि ती दया मुकीही नव्हती. मे १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांची जी आबाळ होत होती, तिच्यावर त्यांनी एका ख्रिस्ती वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते आरोप नाकारले. मिशनऱ्यांच्या ओळखी आणि परदेशी देणग्या ज्यांच्या पाठीशी, त्यांनी सरकारशी गोडीने राहावे हा व्यवहार. बाईंनी तो पाळला नाही.

आता आक्षेपाकडे. धर्माच्या कारणावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर हे सल्लागार शारदासदनातून बाहेर पडले होते. पुढे केडगावच्या अनेक मुली ख्रिस्ती झाल्या. उपाशी लेकराला धर्म निवडता येत नाही, हा आक्षेप मला खरा वाटतो, आणि रमाबाईंविषयी आदर असूनही तो मी मागे घेणार नाही. मात्र आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जण त्या मुलींना न्यायला आपल्या प्रांतात आले, हेही विचारले पाहिजे. काही संस्था आल्या, अनाथालये निघाली. पण पुण्यामुंबईच्या लेखणीचा आवाज मदतीच्या मानाने फार मोठा होता. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, ते खरे उत्तर. आणि कर्व्यांची पत्नी गोदूबाई ही शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी, हे विसरू नये.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी स्वतः केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण निघाले. त्याचे खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतचे काम केडगावच्या छापखान्यातल्या बायकांनी केले.