‘टच्ड’ : एका विशेषणाचा अर्थ आणि वापर

ब्रिटनमधील कार्यालयांत एखाद्या सहकाऱ्याच्या घरी दुःखद घटना घडली, की बहुधा सर्वांच्या सह्यांचे एक कार्ड त्याच्या टेबलावर येते. त्याला उत्तर लिहिताना आपल्यापैकी अनेकांची लेखणी अडखळते. नुसते ‘थँक यू’ कोरडे वाटते आणि त्यापुढचा शब्द सापडत नाही. तो शब्द ‘टच्ड’ होय.

‘टच’ हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. त्याच्या ‘टच्ड’ या रूपाचा विशेषण म्हणून अर्थ होतो, कुणाच्या आपुलकीने मन भरून आलेला. ‘गहिवरलेला’ हा जवळचा मराठी शब्द. पण गहिवरात कंठ दाटतो, डोळे पाणावतात. ‘टच्ड’ला एवढे लागत नाही. कुणी आठवणीने आपल्या आईच्या प्रकृतीची चौकशी केली, तरी तो शोभतो. शब्दशः भाषांतर मात्र येथे फसवते. आपल्याकडे ‘मनाला लागले’ म्हणजे मन दुखावले!

सर्वांत सामान्य चूक ‘टचिंग’शी होणाऱ्या गल्लतीची. ‘टचिंग’ म्हणजे हृदयस्पर्शी. ते पत्राला, प्रसंगाला, कृतीला लावायचे. ज्याचे मन हेलावले, तो ‘टच्ड’. माझ्या परिचयातील एका अभियंत्याने आईच्या निधनानंतर आलेल्या कार्डाला ‘आय अ‍ॅम व्हेरी टचिंग’ असे उत्तर पाठवले. कुणीही हसले नाही, कुणी दुरुस्तही केले नाही. चूक त्याच्या स्वतःच्याच लक्षात आली, तीही काही महिन्यांनी, आणि आजही त्या उत्तराची आठवण त्याला अस्वस्थ करते.

पुढे बहुधा ‘बाय’ येते : ‘आय वॉज डीप्ली टच्ड बाय युवर काइंडनेस’. ‘टच्ड दॅट यू रिमेम्बर्ड’ हेही शुद्ध. ‘विथ’ जोडल्यास मात्र बहुधा छटेचा अर्थ निघतो, जसे रुपेरी छटा आलेले केस.

‘मूव्ह्ड’ अधिक व्यापक. भाषण, चित्रपट, अनोळखी माणसाचे दुःख यांनी आपण ‘मूव्ह्ड’ होतो. ‘टच्ड’मध्ये बहुधा आपल्याविषयी दाखवलेला जिव्हाळा असतो. अश्रू आलेच, तर रूढ प्रयोग ‘मूव्ह्ड टु टिअर्स’ असाच आहे. ‘पॉयन्यंट’ माणसाच्या भावस्थितीला सहसा लावत नाहीत. ते चटका लावणाऱ्या प्रसंगाचे विशेषण. त्याचे मूळ टोचणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे आणि चौदाव्या शतकात चॉसरने ते चक्क झणझणीत सॉससाठी वापरले होते.

शेवटी एक सावधगिरी. ‘टच्ड’चा दुसरा, बोलीतला अर्थ ‘डोक्यावर किंचित परिणाम झालेला’ असा आहे. ‘व्हेरी’ किंवा ‘डीप्ली’ जोडल्यास कुणाचा गैरसमज होत नाही. आपल्या संकोची सवयीने ‘अ बिट टच्ड’ लिहिले, तर मात्र वाचणारा क्षणभर थबकेल.