लैंगिक हॉर्मोने आणि पेशींचे ऑक्सिडीकरणापासून संरक्षण : एका कल्पनेचा इतिहास

विज्ञानाच्या इतिहासात दोन विचारप्रवाह दीर्घकाळ अलग वाहत राहतात आणि पुढे त्यांचा संगम झाला म्हणजे त्या संगमाचे मूळ कोठे होते हे विसरले जाते. लैंगिक हॉर्मोनांचा अभ्यास आणि ऑक्सिडीकरणाने होणाऱ्या पेशीहानीचा अभ्यास यांचा संबंध असाच जुळला. तो कसा जुळला आणि त्यातून कोणता अपसमज उद्भवला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पहिला प्रवाह रसायनज्ञांचा होय. 1929 साली अमेरिकेत डॉयझी व जर्मनीत बूटेनांट यांनी गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून इस्ट्रोन हे हॉर्मोन स्वतंत्रपणे वेगळे केले. पुढे डॉयझी यांच्या प्रयोगशाळेने सुमारे 4 टन डुकरिणींच्या अंडाशयांवर प्रक्रिया केली, तेव्हा हाती आले ते केवळ काही मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल. 1935 साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे लाकर व त्यांचे सहकारी यांनी बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरोन मिळविले. त्याची कथाही याहून वेगळी नाही. ही द्रव्ये शरीरात अत्यल्प प्रमाणात वावरतात, हा या परिश्रमांतून मिळालेला पहिला धडा होता. पुढील विवेचनात तो वारंवार उपयोगी पडणार आहे.

दुसरा प्रवाह प्राणवायूच्या विषारीपणाचा. 1954 साली रेबेका गर्शमन व सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की, प्राणवायूची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोहोंच्या मुळाशी मुक्त मूलकेच आहेत. 1956 साली डेनम हार्मन यांनी हाच विचार वार्धक्याला लावला. तथापि पेशीत अशी मूलके खरोखर उत्पन्न होतात काय, ही शंका उरलीच होती. 1969 साली मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एंझाइमाचा शोध लावला आणि शंकेला उत्तर मिळाले. ज्या शत्रूचा नाश करण्यासाठी पेशीने स्वतंत्र एंझाइम बाळगले आहे, तो शत्रू काल्पनिक कसा म्हणावा?

या दोन प्रवाहांना जोडणारा एक दुवा पूर्वीच अस्तित्वात होता. 1922 साली एव्हान्स व बिशप यांना ई जीवनसत्त्वाचा शोध लागला तो ऑक्सिडीकरणाच्या अभ्यासातून नव्हे, तर उंदरांच्या गर्भधारणेच्या प्रयोगांतून. त्याचे टोकोफेरॉल हे नावही अपत्यजननवाचक ग्रीक शब्दावरून आले. हे द्रव्य मेदद्रव्यांचे ऑक्सिडीकरण रोखते ते आपल्या फिनॉल-गटाच्या बळावर. आणि इस्ट्राडायॉलच्या रेणूतील पहिले वलयही फिनॉलाचेच आहे. 1987 साली जपानमधील सुगिओका आदी संशोधकांनी इस्ट्रोजेने पटलांतील फॉस्फोलिपिडांचे ऑक्सिडीकरण रोखतात, असे दाखविले. टेस्टोस्टेरोनमध्ये असे वलय नसल्यामुळे स्त्रीदेहाच्या दीर्घायुष्याचे रहस्यच जणू रचनासूत्रात सापडले, असे अनेकांना वाटले.

परंतु येथेच परिमाणाचा प्रश्न उपस्थित होतो. परीक्षानळीतील हा परिणाम बहुधा मायक्रोमोलर संहतीत दिसतो. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तात मात्र इस्ट्राडायॉल नॅनोमोलर किंवा त्याहूनही कमी असते. हजारपटीचे हे अंतर कसे भरून काढावयाचे? 2003 साली व्हॅलेन्सिया येथील बोरास, व्हिन्या आदी संशोधकांनी दाखविले की, उंदरांच्या माद्यांच्या तंतुकणिकांतून नरांच्या सुमारे निम्मेच पेरॉक्साइड निर्माण होते. अंडाशय काढल्यास हा फरक नाहीसा होतो आणि इस्ट्रोजेन दिल्यास तो टिकून राहतो. पुढे त्याच गटाने त्याचे स्पष्टीकरणही दिले. हॉर्मोन ग्राहीला चिकटते, पेशीतील संदेशमालिका चालू होते आणि मँगॅनीजयुक्त डिसम्युटेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज यांच्या जनुकांचे कार्य वाढते. म्हणजे हॉर्मोन स्वतः सैनिक नसून सैन्य उभारण्याची आज्ञा आहे; आणि आज्ञेला अल्प मात्रा पुरते. अर्थात असा लिंगभेद सर्व प्रजातींत व सर्व ऊतींत सारखा आढळत नाही.

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. इस्ट्रोजेनांपासून बनणारी कॅटेकॉल-द्रव्ये क्विनोनांत रूपांतरित होऊन परत येताना स्वतःच मुक्त मूलके निर्माण करू शकतात. 1990 साली लीर व रॉय यांनी याकडे लक्ष वेधले. तेव्हा एकच रेणू परिस्थितीनुसार रक्षक किंवा भक्षक ठरतो.

हा वाद केवळ ग्रंथगत राहिला नाही. निरीक्षणात्मक अभ्यास व रक्तातील मेदांवर दिसणारे परिणाम यांच्या आधारे ऋतुनिवृत्त स्त्रियांना हृदयरक्षणार्थ हॉर्मोने देण्याची प्रथा रूढ झाली होती. ऑक्सिडीकरणरोधाच्या कल्पनेने तिला पुष्टी दिली. परंतु अमेरिकेत 16,608 स्त्रियांवर चाललेली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन चाचणी 2002 साली मुदतीपूर्वीच थांबवावी लागली, कारण स्तनकर्करोग, हृद्रोग व पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले आढळले. त्याच वर्षी ब्रिटनमधील 20,536 व्यक्तींच्या चाचणीत ई व क जीवनसत्त्वे आणि बीटा-कॅरोटीन यांपासूनही हृदयाला लाभ दिसला नाही.

या निष्कर्षांनी पेशीतील प्रयोग खोटे ठरत नाहीत. त्यांवरून काढलेले अनुमान मात्र उतावीळ होते असे ठरते. कोणत्या संहतीत, कोणत्या मार्गाने, कोणत्या वयाच्या व कोणत्या ऊतीत, हे चार प्रश्न विचारल्यावाचून ‘ऑक्सिडीकरणरोधक’ हे विशेषण कोणत्याही हॉर्मोनाला लावू नये. चार टन अंडाशयांतून निघालेल्या त्या काही मिलिग्रॅमांनी परिमाणाचे महत्त्व आरंभीच सांगून ठेवले होते. ते ध्यानात न घेतल्याचे मूल्य मात्र प्रयोगशाळेबाहेरील स्त्रियांना द्यावे लागले.