मद्यार्क ते पेनिसिलीन : बडोद्याच्या औषध कारखान्यांचा हिशोब

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आमच्या वर्गाची सहल बडोद्यातल्याच एका औषध कारखान्यात गेली होती. दोन मजले उंच पोलादी टाक्या, त्यांना वेढलेले पाइप आणि सगळीकडे ओल्या धान्यासारखा आंबूस वास. आम्हांला फिरवून दाखवणारे सुपरवायझर मराठीच होते. एका टाकीपाशी थांबून त्यांनी विचारले, "सांगा पाहू, इथे सगळ्यांत महाग काय?" कोणी म्हणाले साखर, कोणी म्हणाले मशीन, एकाने तर साहेबांचा पगार सांगितला. काका हसले आणि म्हणाले, "हवा."

आम्हांला ती थट्टा वाटली. पण त्यांनी समजावून सांगितले. टाकीत बुरशी किंवा जिवाणू वाढवून त्यांच्याकडून औषध तयार करून घ्यायचे असते. या जीवांना श्वास लागतो. म्हणून कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालवून हवा दाबाने आत सोडायची, तीही गाळून आणि निर्जंतुक करून. एखादा परका जंतू आत शिरला तर सगळी टाकी गटारात. वीज दहा मिनिटे गेली तरी जीव गुदमरतात. "फुकटची हवा आहे ना," काका म्हणाले, "तिचेच बिल सगळ्यांत मोठे येते."

पुढे काही वर्षांतच तो विभाग बंद झाला. काका स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले. एवढे जाणणारी माणसे, एवढ्या भक्कम टाक्या, आणि औषधाची गरज तर वाढतच होती. मग कारखाना का थांबला? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी थेट महाराज सयाजीरावांच्या काळापर्यंत जाऊन पोहोचलो. स्मरणिकेच्या वाचकांपुढे ती हकीकत मांडतो.

कलाभवन आणि निळीचा धडा

१८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन सुरू केले. त्यामागची कल्पना आणि धडपड प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांची. सुरतेत जन्मलेले गज्जर बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले हे आपण अभिमानाने सांगतो. पण कलाभवनाचा मोठा भर रंगकाम, यंत्रकाम, विणकाम अशा धंद्यांच्या शिक्षणावर होता, हे मात्र आपण विसरतो. पुढे मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासले आणि ते काही केल्या निघेना, तेव्हा तो डाग काढून देणारे रसायनतज्ज्ञ हेच गज्जर.

गज्जरांना रंगांच्या रसायनाची एवढी ओढ का होती, हे त्या काळाकडे पाहिले की कळते. जर्मनीत दगडी कोळशाच्या डांबरापासून रंग तयार होऊ लागले होते. १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली. त्या वर्षी जगात झाडापासून सुमारे १९,००० टन नीळ निघत होती. १९१४ पर्यंत हा आकडा १,००० टनांवर आला. शेतातल्या निळीत खोट काही नव्हती. पण कारखान्यातली नीळ स्वस्त होती, प्रत्येक वेळी एकसारखी होती आणि पावसावर अवलंबून नव्हती. बिहार-बंगालमधला निळीचा धंदा पंधरा-वीस वर्षांत बसला.

एका प्रयोगशाळेतली सुधारणा हजारो मैलांवरच्या शेताचा हिशोब मोडू शकते, हे गज्जरांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. त्यांनी त्यावर शोधलेला उपाय सरळ होता : ते शास्त्र आपल्या मुलांना शिकवायचे.

मोहाचे फूल आणि काचेची बाटली

गज्जरांच्या शिष्यांत दोघे विशेष पुढे आले, कोटिभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन. १९०७ मध्ये गुरु-शिष्यांनी मिळून बडोद्यात अलेम्बिक केमिकल वर्क्स काढली. अलेम्बिक म्हणजे अर्क उतरवण्याचे जुन्या काळचे भांडे. कंपनीने सुरुवात केली ती मद्यार्क आणि टिंक्चरपासून. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. म्हणजे शिक्षण, कारखाना आणि भांडवल ही तिन्ही अंगे दोन दशकांत एकाच गावात उभी राहिली.

टिंक्चरच का? यात मोठा व्यवहार होता. टिंक्चरमध्ये औषधी द्रव्य थोडे आणि मद्यार्क पुष्कळ. विलायतेहून टिंक्चर मागवणे म्हणजे बहुतांशी मद्यार्क आणि काच बोटीत भरून आणणे. भाडे, विमा, फुटतूट, शिवाय जकात. त्या काळी पश्चिम हिंदुस्थानात मद्यार्क मुख्यतः मोहाच्या फुलांपासून निघे, आणि गुजरातच्या पूर्वेच्या जंगलपट्ट्यात मोह भरपूर. ज्याच्या दाराशी मद्यार्क, त्याचे टिंक्चर स्वस्त, इतका हा हिशोब साधा होता.

अडचण होती करांची. ब्रिटिश मुलखात मद्यार्कावर अबकारी कर, आणि प्रांताप्रांताचे नियम वेगळे. मद्यार्क असलेली औषधे एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत नेताना देशी कारखानदारांची दमछाक होई. बंगालमध्ये प्रफुल्लचंद्र राय यांच्या बंगाल केमिकललाही हाच जाच होता. देशभर एकसारखा कायदा यायला १९५५ उजाडावे लागले. बडोद्याच्या कारखान्याला दरबाराची सहानुभूती होती, पण माल विकायचा तो हद्दीबाहेरच.

पहिल्या महायुद्धात परदेशी औषधांची आवक तुटली आणि देशी कारखान्यांना दिवस आले. हे संरक्षण कोणी मुद्दाम दिलेले नव्हते, समुद्राने दिले होते. पण अलेम्बिकवाले तेवढ्यावर थांबले नाहीत. औषधाला बाटली लागते आणि बाटलीचा खर्चही दुसऱ्याच्या हाती नको, म्हणून पुढे या समूहाने काचेचा कारखानाही उभारला. आपल्या घरातले येरा ग्लास ते हेच. खोकल्याच्या ग्लायकोडिनची बाटली तर आपल्या प्रत्येकाच्या घरात येऊन गेली आहे.

पेनिसिलीनची टाकी

मद्यार्क उतरवणे हे भट्टीचे तंत्र, पिढ्यान्पिढ्या माहीत असलेले. पेनिसिलीनने मात्र सगळा खेळ बदलला.

१९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीचा गुण कळला. १९४० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांनी तिचे औषध केले. पण तेव्हा बुरशी उथळ भांड्यांत पृष्ठभागावर वाढवत, अगदी रुग्णालयातली बेडपॅनसुद्धा वापरत. एका मिलिलिटरमागे एक-दोन युनिट औषध निघे. मग अमेरिकेत तीन गोष्टी घडल्या. मक्याचा स्टार्च काढताना उरणारा द्रव बुरशीला खाद्य म्हणून मानवला. खोल टाकीत हवा सोडून बुरशी वाढवण्याचे तंत्र बसले. आणि एका सडलेल्या खरबुजावर बुरशीचे जास्त उत्पन्न देणारे वाण सापडले. त्यावर क्ष-किरण सोडून आणखी चांगली वाणे निवडली गेली. १९४३ मध्ये अमेरिकेत एका मात्रेला २० डॉलर पडत, १९४६ मध्ये ५५ सेंट.

हा फरक समजायला एक उदाहरण घेऊ. समजा, टाकीच्या एका घाण्याला साखर, वीज, वाफ, मजुरी मिळून एक लाख रुपये लागतात आणि १० किलो औषध निघते. किलोला दहा हजार पडले. शेजाऱ्याकडे चांगले वाण आहे. त्याचाही खर्च एक लाखच, पण औषध २० किलो. त्याला पाच हजारच पडले. तुम्ही कामगारांना जादा राबवा, दिवे विझवा, चहा बंद करा, ती पाच हजारांची दरी भरून निघत नाही. ती भरते फक्त प्रयोगशाळेत.

स्वतंत्र भारताने हे औषध देशात करायचे ठरवले. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी साहाय्य केले. १९६१ मध्ये बडोद्यात अलेम्बिकच्या पेनिसिलीन प्रकल्पाचे उद्घाटन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले. गावाच्या दुसऱ्या भागात साराभाई केमिकल्स १९४० च्या दशकापासून होतीच. अमेरिकेच्या स्क्विब कंपनीशी तिचे सहकार्य होते, आणि विक्रम साराभाई यांनी अवकाश संशोधनाच्या आधी तिचा कारभार पाहिला होता. १९६० मध्ये त्यांनी इथेच ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप काढला, कारण बाजाराचा आणि उत्पादनाचा हिशोब शास्त्रीय पद्धतीने करायला हवा, असे त्यांचे मत होते.

ती तीन दशके आपल्या समाजाच्या आठवणीत आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागांतल्या कितीतरी घरांत कोणी केमिस्ट, कोणी फिटर, कोणी पॅकिंग खात्यात. लग्नाच्या बोलण्यांत "मुलगा फार्मात आहे" म्हटले की पुढची चौकशी थांबे.

भाव पडला तेव्हा

या काळात देशी औषधाला आयातीपासून आडोसा होता. जकात जबर आणि परवान्याशिवाय माल येत नसे. दुसऱ्या बाजूने १९७० च्या औषध दर नियंत्रण आदेशाने विक्रीचे भावही बांधले गेले. आडोसा आणि बांधलेला भाव यांचा मिळून एक परिणाम होतो. धंदा बुडत नाही, पण नव्या वाणावर, नव्या टाकीवर पैसा घालण्याची घाईही राहत नाही. जुनी टाकी चालते आहे ना, मग चालू द्या.

१९९१ नंतर आडोसा हळूहळू उतरला. त्याच सुमारास चीनने किण्वनाच्या धंद्यात मोठी उडी घेतली. प्रचंड टाक्या, स्वस्त वीज आणि स्टार्च, सरकारचा पाठिंबा आणि उत्पन्नात सतत सुधारणा. जुन्या काळी मिलिलिटरमागे एक-दोन युनिट देणाऱ्या बुरशीची आधुनिक वाणे पन्नास हजारांच्या वर देऊ लागली होती. पेनिसिलीन-जीचे भाव कोसळले. आपल्याकडे बनवण्यापेक्षा आणणे स्वस्त झाले. पिंपरीपासून बडोद्यापर्यंत पेनिसिलीन-जी करणारे देशी कारखाने एकामागून एक त्यातून बाहेर पडले. देशी स्पर्धक बंद झाल्यावर तेच आयातीचे भाव पुन्हा चढलेही. पण बंद टाकी लगेच सुरू करता येत नाही. वाण जपावे लागते, हात सरावाचे राहावे लागतात.

बडोद्याच्या बाबतीत आणखी एक खर्च होता, जो कोणत्याच बिलात दिसत नाही. हे कारखाने उभे राहिले तेव्हा गावाबाहेर होते. पुढे गाव त्यांच्याभोवती वाढले. ज्या जमिनीवर टाकी उभी, तिचा भाव टाकीतल्या औषधापेक्षा वेगाने वाढू लागला. मग हिशोब मांडणारा विचारतोच, या जागेवर औषधच का करायचे? आज साराभाईंच्या जुन्या आवारात कार्यालये आणि दुकाने आहेत. अलेम्बिकच्या जुन्या इमारतींत कलाकारांचे स्टुडिओ आणि संग्रहालय आले आहे. इमारती जपल्या गेल्या याचा आनंद आहेच. अलेम्बिक स्वतः औषधांतच राहिली, पण दुसऱ्या औषधांकडे वळली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने भारतात प्रथम एरिथ्रोमायसिन बनवले होते. आज तिचे मोठे काम पानेलवसारख्या शहराबाहेरच्या कारखान्यांत चालते.

हिशोबाची उरलेली बाकी

पेनिसिलीन-जी हा ॲमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन यांचा कच्चा माल आहे. म्हणजे आपल्या नातवंडाला ताप आला की डॉक्टर जे लिहून देतात, त्याचे मूळ कित्येक वर्षे परदेशातून येत राहिले. २०२० मध्ये साथीच्या काळात ही गोष्ट सरकारला टोचली. त्याच वर्षी कच्च्या औषधांसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर झाली. २०२४ मध्ये आंध्रात काकीनाड्याजवळ पेनिसिलीन-जीचा नवा कारखाना सुरू झाला. त्यालाही आयातीच्या भावाशी झुंजावे लागते आहेच.

एवढे सगळे वाचून मला वाटते ते असे. स्वस्त मद्यार्काने, युद्धाने किंवा जकातीने कारखान्याला काही वर्षे मिळतात. त्या वर्षांत प्रयोगशाळेवर किती खर्च केला, त्यावर पुढचे ठरते. जो खर्च ताळेबंदात सगळ्यांत आधी कापता येतो, तोच खरा जगवणारा असतो. सयाजीराव आणि गज्जर यांनी आधी कलाभवन काढले आणि सतरा वर्षांनी कारखाना आला, हा क्रम उगाच नव्हता.

सहलीत भेटलेले ते काका आता आमच्या मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या फाडतात. मागच्या वर्षी मांडवात बसलो असताना मी त्यांना विचारले, "काका, आज कोणी टाकी सुरू करून दिली तर चालवाल?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला वास आला की कळायचे घाणा बिघडतोय ते. हे कुठे लिहून ठेवलेले नाही रे."

आपल्या मंडळात असे अजून कितीतरी जण असतील. या उत्सवाच्या दहा दिवसांत घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांचे काम त्यांच्याच तोंडून ऐकावे आणि उतरवून ठेवावे, अशी सर्वांना विनंती. पुढच्या स्मरणिकेत त्यासाठी चार पाने राखून ठेवता आली, तर या लेखाचे सार्थक होईल.

गणपती बाप्पा मोरया!